पाच नंबरचे गमबूट

शुक्रवार, २६ जुलै

बत्तीस वर्षांच्या डायऱ्या पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत होत्या. काल त्या सगळ्या नदीने वाचल्या. लिखाण पसंत पडलं नसावं, कारण एकही अक्षर शिल्लक ठेवलेलं नाही. ही वही तिसऱ्या मजल्यावरच्या सुहासिनीबाईंनी दिली, त्यांच्या नातीचं जुनं जर्नल. सध्या आमचा मुक्कामही त्यांच्याकडेच. एक पान रेघांचं, एक कोरं. मी कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं सहायक होतो, तेव्हा जर्नल मला परकं नाही.

झालं ते असं. काल पहाटे वॉचमन दार बडवायला लागला. धरणातून पाणी सोडलंय, तळमजला रिकामा करा. मी त्याला म्हणालो, पार्किंगपर्यंत दरवर्षी येतं, त्यात नवीन काय? तोवर हेमाने देवघरातले देव पदरात बांधून घेतले होते. "अहो, चर्चा वर जाऊन करू," म्हणाली. पाणी आधी दारातून नाही, न्हाणीघराच्या जाळीतून आलं. काळं, फेसाळ, नाव घेऊ नये अशा वासाचं. जिना चढेपर्यंत गुडघ्याला लागलं.

आज दुपारी उतरलं. दार फुगल्यामुळे उघडेना, दोन पोरांनी खांदे लावले तेव्हा उघडलं. आत वीतभर गाळ. फ्रिज स्वयंपाकघरातून निघून बैठकीत येऊन आडवा पडलाय. भिंतीवर पाण्याची रेघ चार फूट सात इंच. टेप लावून मोजली आणि समोरच्या कोऱ्या पानावर आकृती काढली.

हेमा उंबऱ्याशी उभी राहून बघत होती. रडली नाही. मला रडू आलं, म्हणून मी मोजत राहिलो.

गणपती सात सप्टेंबरला आहेत. त्रेचाळीस दिवस. या घरात सव्वीस वर्षं गणपती कधी चुकला नाही. तेवढ्या दिवसांत घर लागलंच पाहिजे.

शनिवार, २७ जुलै

खराडीहून जावई सकाळी सामान देऊन गेले. अपूर्वाने दोन जोड गमबूट, रबरी हातमोजे आणि मास्क पाठवलेत. बरोबर फोनवर व्याख्यान. "बाबा, ते ड्रेनेजचं पाणी आहे. आईला बूट घातल्याशिवाय आत जाऊ देऊ नका. पाच नंबर आहेत तिचे, मापाचे." मी हो म्हणालो. आयटीतल्या लोकांना वाटतं, सूचना दिली की काम झालं.

शालू दहाला आली. ती आमच्याकडे अकरा वर्षं भांडी-फरशी करते. तिची खोली नदीकाठच्या वस्तीत, तिथे तर पत्र्यापर्यंत पाणी होतं. तरी आली. कुणीतरी वस्तीत वाटलेले काळे गमबूट पायात होते. बैठकीचा गाळ आम्ही तिघांनी फावड्याने घमेल्यात भरून बाहेर काढला. मग ती स्वयंपाकघराकडे वळली तेव्हा मी सांगितलं, शालू, इथून पुढे बूट काढून. आमचं देवघर स्वयंपाकघरातच आहे, ओट्याच्या डावीकडे. तिथे पादत्राण घालून कुणी कधी गेलेलं नाही.

"नाय काका, बूट नाय काढणार," ती म्हणाली. "आमच्या शेजारणीच्या पायात काल खिळा गेला. इंजेक्शनाला लाईन लागलीय तिकडं."

मी म्हणालो, मग तू बाहेरचंच कर. ती म्हणाली, बरं. फटकळ आहे, पण तिला दोष नाही. जिची तिची रीत.

म्हणजे स्वयंपाकघर आमच्याकडे आलं. हेमाने पाच नंबरचे बूट घेतले, जिन्याच्या पायरीवर बसली आणि उजवा पाय आत घातला. "बघा, पलटणीत भरती झाले," म्हणाली. मी म्हणालो, हेमा, तू बूट घालून देवघरासमोर उभी राहणार?

"देव सुहासिनीबाईंच्या कपाटात आहेत. इथे नुसता चिखल आहे."

"चिखल आज आहे. जागा देवाचीच आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हसली, पाय बाहेर काढला आणि बूट दाराबाहेर जोडीने लावून ठेवले. "सासूबाई असत्या तर तुम्हाला पेढा दिला असता," म्हणाली. साडी खोचली आणि अनवाणी आत गेली. मीही अनवाणीच. आपण नियम दुसऱ्याला सांगतो तेव्हा आधी स्वतः पाळावा.

दुपारपर्यंत ओट्याखालचं निम्मं निघालं. ट्रॉल्यांच्या फळ्या पावासारख्या फुगल्यात. हेमा म्हणाली, गोडा मसाला परवाच केला होता हो. तेवढं मात्र तिला लागलं.

रविवार, २८ जुलै

आज आमच्याकडे पाहुणे! पांढरे कपडे, नवेकोरे गमबूट, मागे दोन कॅमेरे. कुठल्या पक्षाचे ते विचारलं नाही, सगळ्यांचे बूट एकाच दुकानातले दिसतात. एक जण पाहणी करत करत थेट स्वयंपाकघराच्या दाराशी आला. मी आडवा झालो. म्हटलं, पाहणी इथूनच करा, पुढे देवघर आहे, बूट बाहेर. तो म्हणाला, काका, सगळीकडे चिखलच आहे की. मी म्हणालो, चिखल न विचारता आला, तुम्ही विचारून या. शेवटी ते निघून गेले. जिन्यात उभे असलेले लोक हसले. सुहासिनीबाईंनी वरून टाळी वाजवली. चार दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

संध्याकाळी हेमाच्या पायाला कापलं. लोणच्याची चिनी मातीची बरणी गाळात फुटली होती, तिची कपची डाव्या टाचेत गेली. फार नाही, पाऊण इंच. मी स्वच्छ पाण्याने धुऊन आयोडिन लावलं आणि फडकं बांधलं. ती म्हणाली, बरणी माझ्या आईची होती, जाता जाता ओळख ठेवून गेली. उद्या आराम कर म्हटलं तर म्हणते, गणपतीला तुम्ही करणार का मोदक?

गुरुवार, १ ऑगस्ट

तीन दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्याजोगं फक्त घासणं होतं.

ब्लीचिंग पावडर लोक वाटेल तशी टाकतात. कुणी मूठभर, कुणी पोतंभर. मी प्रमाण काढलं, बादल्यांवर खडूने खुणा केल्या आणि सोसायटीच्या फलकावर लिहून लावलं. आधी गाळ काढा, मग साबणाने धुवा, मग ब्लीचिंग, दहा मिनिटं थांबा, मग साधं पाणी. घाणीवर नुसती पावडर टाकून काही होत नाही. तळमजल्याच्या चारही घरांनी तसंच केलं. निवृत्तीनंतर पहिल्यांदा कुणी माझं ऐकलं.

भिंतीचं प्लास्टर पाच फुटांपर्यंत फोडायला हवं, असं गवंडी म्हणतो. नाही तर ओल आत राहील आणि वर्षभर पोपडे पडतील. फोडू.

हेमाचं फडकं रोज भिजतं. मी रोज बदलतो. जखमेचं तोंड मिटत आलंय.

सोमवार, ५ ऑगस्ट

श्रावण लागला. पहिला सोमवार. हेमाचा उपास. एवढ्या कामात उपास कशाला म्हटलं, पण ती ऐकेल तर शपथ. संध्याकाळी फार थकलेली दिसली. राजगिऱ्याचा लाडू अर्धा खाल्ला आणि अर्धा माझ्याकडे सरकवला. अंग मोडून आलंय म्हणाली. पोटात अन्न नाही, दुसरं काय होणार.

मंगळवार, ६ ऑगस्ट

हेमाला ताप, थंडी वाजून. सुहासिनीबाईंच्या दोन रजया घातल्या. तापाची गोळी दिली. पोटऱ्या फार दुखतात म्हणते, हात लावू देत नाही. आठ दिवस उकिडवं बसून फरशी घासली की कुणाच्याही पोटऱ्या दुखतील. माझ्याही दुखतायत, फक्त मी बोलत नाही.

आज मी आणि शालूने बाहेरची खोली दुसऱ्यांदा धुतली. स्वयंपाकघरातली शेवटची भिंत राहिलीय.

बुधवार, ७ ऑगस्ट

आज ताप उतरला. मी म्हटलंच होतं. हेमा दुपारी खाली आली, दारातच खुर्ची टाकून बसली आणि मला सूचना देत राहिली. कोपरा राहिला, तिथे नाही, हो, तिथे. तिचे डोळे लाल झालेत. ब्लीचिंगच्या वाफेने असणार, मास्क नीट लावत नव्हती. गार पाण्याचे हबके मारायला सांगितले.

माळ्यावरचे गौरींचे पितळी मुखवटे सुखरूप आहेत. तिला काढून दाखवले. तिने पदराने पुसले आणि म्हणाली, "बघा, यांना चिंता नाही. यांना माहितीये आपण घर लावणार."

मी तिला म्हणालो, तू होतीस म्हणून लागतंय. असं मी बोलत नाही एरवी. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला, मला तर ताप नाही ना म्हणून.

शुक्रवार, ९ ऑगस्ट

पुन्हा ताप. उलट्या. नागपंचमीची पुरणाची दिंडं सुहासिनीबाईंनी आणली होती, त्यांचा वासही नको म्हणाली. डोळ्यांचा लालपणा जाऊन ते पिवळट दिसतात. सुहासिनीबाईंच्या खोलीत पिवळा दिवा आहे, त्यात मीही पिवळाच दिसत असेन. पण सकाळपासून लघवीला एकदाच गेली. पाणी पी म्हटलं तर नको म्हणते.

अपूर्वाला फोन केला. ती म्हणाली, बाबा, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलला न्या, मी पोचतेच. मी म्हणालो, उद्या सकाळपर्यंत बघू. ती फोनवर ओरडली. मुलगी माझ्यावर अशी कधी ओरडली नव्हती.

शनिवार, १० ऑगस्ट

काल संध्याकाळीच हलवलं. आयसीयू. मला पाच मिनिटं आत सोडलं. तोंडावर मास्क होता, त्यामुळे तिला बोलता येत नव्हतं. बोटाने हवेत काहीतरी काढलं. मला कळलं नाही. पुन्हा काढलं. चौकोन आणि वर त्रिकोण. घर. मी म्हणालो, चाललंय, रंगारी सोमवारी येतोय. तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

रविवार, ११ ऑगस्ट

आज नीट लिहायचं ठरवलंय. जसं घडलं तसं.

सकाळी डॉक्टर तनुजा भेटल्या. वयाने अपूर्वाएवढ्या. त्यांनी मला आणि अपूर्वाला समोर बसवलं. लेप्टो म्हणाल्या. लेप्टोस्पायरोसिस. उंदीर-घुशींच्या लघवीतून पुराच्या पाण्यात येतो आणि कातडीवरच्या जखमेतून शरीरात शिरतो. पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात, मध्ये एखाद दिवस बरं वाटतं, मग मूत्रपिंड आणि यकृत धरतो. मी ऐकत होतो. ही सगळी यादी माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेली आहे.

मग त्यांनी विचारलं, "पायाला काही जखम? घाण पाण्यात अनवाणी गेल्या होत्या का?"

मी सांगितलं, हो, टाचेला कापलं होतं.

अपूर्वा माझ्याकडे वळली. "अनवाणी? बाबा, मी बूट पाठवले होते ना? पाच नंबर?"

मी म्हणालो, "तिला घट्ट झाले. टोचत होते. म्हणून काढले."

का म्हणालो? वाक्य आपोआप तोंडातून बाहेर आलं, आधीपासून तयार असल्यासारखं.  अपूर्वाचा चेहरा एकदम लहानपणचा झाला, परीक्षेत पेपर अवघड गेला की व्हायचा तसा.

चौतीस वर्षं मी चपला घालून आलेल्या मुलांना प्रयोगशाळेच्या दारातून परत पाठवलं. ॲसिड पायावर सांडलं तर काय, असं म्हणून. कितीतरी मुलांनी शिव्या दिल्या असतील. एकाच्याही पायाला चटका बसला नाही. ते मी का विसरलो? मी विसरलो नव्हतो. ती प्रयोगशाळा होती आणि हे घर होतं, एवढंच माझ्या डोक्यात.

सोमवार, १२ ऑगस्ट

डायलिसिस सुरू केलं. रंगाऱ्याला नको म्हणून सांगायला विसरलो, तो येऊन गेला. स्वयंपाकघरात पहिला हात मारून गेलाय.

अपूर्वा बाहेरच्या बाकावर बसून जावयाशी फोनवर बोलत होती. "अरे, मी सहा नंबर घ्यायला हवे होते. आईचे पाय संध्याकाळी सुजतात, मला माहीत होतं. मी घाईत पाच टाकले." मी पाण्याची बाटली घेऊन तिच्यामागे उभा होतो. तिने बघितलं नाही. मी पुन्हा कूलरपाशी गेलो आणि भरलेलीच बाटली पुन्हा भरली.

बुधवार, १४ ऑगस्ट

हेमा गेली. सकाळी दहा वीसला.

शनिवार, १७ ऑगस्ट

माणसं येतात आणि जातात. सगळे विचारतात, कशाने? मी सांगतो, पुराच्या पाण्याने. सगळे म्हणतात, अरेरे, पाणी सोडणाऱ्यांना काही वाटायला पाहिजे. मी मान हलवतो.

शालू आली होती. मोठ्याने रडली. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काका, मी आत केलं असतं ना. तुम्ही मला आत करू द्यायचं होतं." बाकी कुणालाही माहीत नसलेलं तिला माहीत आहे. मला तिची भीती वाटली. ती अपूर्वासमोर काही बोलली नाही. का बोलली नाही, तेही मला सोसत नाही.

शुक्रवार, २३ ऑगस्ट

दहावा. ओंकारेश्वराच्या घाटावर. खाली तीच नदी, आता कशी गरीब, काठाकाठाने जाणारी.

पिंड ठेवला. कावळे समोरच्या पिंपळावर होते, पण शिवेनात. अर्धा तास गेला. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला, शब्द द्या. जावई म्हणाले, आई, आम्ही बाबांना सांभाळू. कावळा हलला नाही. सुहासिनीबाई म्हणाल्या, हेमाताई, तुमच्या गौरी पुढल्या वर्षी मी मांडीन. नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला माहीत होतं काय बोलायचं. तोंडही उघडलं. आणि बाहेर आलं, "हेमा, घर लावलंय मी." कावळा नाही.

मग अपूर्वा पुढे झाली. हात जोडले आणि म्हणाली, "आई, चुकलं माझं. बूट लहान पाठवले मी. माफ कर मला."

एक कावळा खाली आला आणि शिवला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. अपूर्वा तिथेच खाली बसली आणि ढसाढसा रडली. बायकांनी तिला धरलं. पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, बघ, ऐकलं तिने, माफ केलं.

मला कावळ्याबद्दल काहीही म्हणायचं नाही. अर्धा तास भात समोर होता आणि त्याला भूक लागली होती, एवढंच. पण मी माझ्या मुलीला न केलेल्या चुकीची माफी मागू दिली. तिच्या आईच्या पिंडासमोर. आणि गप्प उभा राहिलो.

गुरुवार, २९ ऑगस्ट

घर पूर्ण झालं. नवं प्लास्टर, पांढरा रंग, नवी फरशी. ओल्या सिमेंटचा वास येतो, पुराचा येत नाही. माझ्या पद्धतीने केलं तर वास राहत नाही, हे चारही घरांत सिद्ध झालंय. सोसायटीने फलकावर माझे आभार मानलेत. तो कागद मी काढून टाकला.

देव परत आणून देवघरात ठेवले. दिवा लावला. मग तिथेच बसून राहिलो. लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत हेमा स्लिपर घालून ओट्यापर्यंत आली होती. तिच्या माहेरी फरशी गार म्हणून घालायचे. आई काही बोलली नाही. बोललो मीच. म्हणालो, आमच्याकडे हे चालत नाही. बावीस वर्षांची होती. खाली बघून स्लिपर काढल्या आणि पुन्हा कधी घातल्या नाहीत, हिवाळ्यात टाचांना भेगा पडून रक्त आलं तरी. आणि मी चार लोकांत अभिमानाने सांगायचो की आमच्या घरात एकदाच सांगावं लागतं.

बूट अजून दाराबाहेर आहेत. दोन्ही जोड. सरळ उभे. शालू झाडताना उचलते आणि पुन्हा तिथेच ठेवते.

मंगळवार, ३ सप्टेंबर

अपूर्वाचा फोन. रात्री झोप लागत नाही, गोळ्या सुरू केल्यात. डोळे मिटले की दुकानातला तो रॅक दिसतो, पाच आणि सहा शेजारी शेजारी. मी म्हणालो, असा विचार करू नये. ती म्हणाली, बाबा, तुम्ही मला कधी एका शब्दाने बोलला नाहीत त्याबद्दल, किती चांगले आहात तुम्ही.

फोन ठेवल्यावर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि हुंदके देऊन रडलो. घरात ऐकायला कुणी नव्हतं, तरी नळ सोडला.

शनिवार, ७ सप्टेंबर

गणेश चतुर्थी. आमच्याकडे यंदा गणपती नाही, वर्षभर कुठलाच सण नाही. सकाळपासून सगळ्या इमारतींतून आरत्या ऐकू येत होत्या. वेळेत लागलेलं घर रिकामं होतं.

अपूर्वा अकराला आली, एकटीच. आज बाबा एकटे नकोत म्हणून. दारात चपला काढल्या. बुटांकडे बघितलं, एक उचलला आणि उलटा करून तळव्यावरचा आकडा वाचला. मी आतून बघत होतो. आज जर मी बोललो नाही तर पुन्हा कधीच बोलणार नाही, हे मला स्वच्छ कळलं.

तोंडी सांगायला लागलो, तर पुन्हा भलतंच वाक्य येईल. मी ही वही काढली, सत्तावीस जुलैचं पान उघडलं आणि तिच्यापुढे ठेवली. "हे वाच. मोठ्याने नको."

तिने वाचलं. पान उलटून पाहिलं आणि परत मागे येऊन पुन्हा वाचलं. मी तिच्या बोटाकडे बघत होतो. बोट "उजवा पाय आत घातला" इथे थांबलं.

"बसले होते म्हणजे तिला," ती म्हणाली.

"हो."

"घट्ट नव्हते."

"नाही. मापाचे होते. ती घालून आत जाणार होती. मी काढायला लावले."

"आणि हॉस्पिटलमध्ये मी विचारलं तेव्हा?"

"खोटं बोललो."

"आणि घाटावर?"

मी दाराबाहेरच्या बुटांकडे बघितलं.

"मी तिची माफी मागितली, बाबा. सगळ्यांसमोर. आणि तुम्ही माझ्या शेजारी उभे होतात."

"हो. होतो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही. वही मिटून टेबलावर ठेवली, पर्स उचलली आणि दाराकडे गेली. चपला घातल्या. पाठमोरी उभी राहिली. मी मनाशी म्हटलं, गेली ही. आता येणार नाही. वरच्या मजल्यावर आरती संपून टाळ्या वाजत होत्या.

मग ती वळली. चपला पायातच होत्या. बैठकीतून चालत माझ्यासमोरून गेली, उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात, देवघरासमोरून, थेट ओट्यापाशी. नव्या फरशीवर चपला वाजत होत्या. मी ऐकत बसलो. गॅस पेटल्याचा आवाज आला, मग पातेल्याचा. ती आतच थांबली. रडत असेल, पण मी उठायचं धाडस केलं नाही.

एकदम काहीतरी पडून फुटलं. मी उठून दारापर्यंत गेलो. ती ओट्याला धरून उभी होती, खाली कपाचे तुकडे सगळीकडे पसरलेले. मी आत पाऊल टाकणार तेवढ्यात ती ओरडली, बरोबर तशीच, फोनवर ओरडली होती तशी.

"अनवाणी येऊ नका! काच आहे. चपला घालून या, बाबा."

दाराबाहेर माझ्या चपला होत्या आणि शेजारी हेमाचे पाच नंबरचे बूट. मी चपला घातल्या आणि स्वयंपाकघरात गेलो.